बोलता संगणक

"हिला संगणकाचा काय उपयोग, बाई?" जिल्हा परिषदेच्या तंत्रज्ञान विभागातून संगणक शिकवायला आलेल्या गवाणकर सरांनी वर्गशिक्षिकेला हळूच विचारलं, तरी हर्षालीला ते ऐकू गेलं. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, कान मात्र तिखट होते.

"सर, पडदा मला नकोच. पण संगणक वाचून दाखवतो म्हणे. त्याला बोलतं करा."

सरांनी तसा प्रोग्राम शोधून संगणकात टाकला. आवाज भराभर बोलायचा, हर्षालीची बोटं भलत्याच कळांवर पडायची. मधली सुट्टी झाली, वर्ग रिकामा झाला.

"उरलेलं पुढच्या फेरीत बघू," सर म्हणाले.

"तोवर मी विसरेन. आत्ताच दाखवा."

सर परत बसले. त्यांनी आवाज सावकाश केला, तिची बोटं नीट कळांवर ठेवून दिली. शाळा सुटता सुटता तिने स्वतः दोन शब्द टाइप केले आणि संगणक बोलला, "मी हर्षाली." तिने ते पुन्हा ऐकलं, मग आणखी एकदा.

"आमच्या आळीतल्या यास्मिनलाही दिसत नाही. तिला घरीच ठेवलंय," ती म्हणाली. "उद्यापासून मी तिला घेऊन येते. शिकवीन मीच."

सरांनी शेजारचा संगणक सुरू केला आणि त्यातही तो प्रोग्राम टाकायला घेतला.