टक असा आवाज

"नाही दिसत," ती फोनकडे तोंड करून म्हणाली. "अजूनही काहीच नाही."

फोन टेबलावर डब्याला टेकवून स्पीकरवर ठेवला होता. त्यातून दिराचा आवाज आला. "वहिनी, घाबरू नका. वरचा बाण दाबा, मघाचीच कमांड परत येईल. मग एंटर."

तिनं एंटर मारलं. लॅपटॉपचा डिस्क ड्राइव्ह घशात काही अडकल्यासारखा खरखरला आणि गप्प झाला.

लॅपटॉप दिराचाच, जुना. "लिनक्स घातलंय, आणखी दहा वर्षं पळेल," असं सांगून त्यानं तो यांच्या गळ्यात मारला होता. पळायचं सोडा, आज तो जागचा हलायला तयार नव्हता. पण अख्ख्या नात्यागोत्यात डिस्क घालायची सोय असलेला हा एकच. कानाच्या डॉक्टरांकडेसुद्धा ती सोय नव्हती. "डिस्कमधली फाइल चारच्या आत मेल करा, नाहीतर नंबर पुढच्या महिन्यात," तिथली बाई म्हणाली होती. सव्वातीन वाजून गेले होते.

डिस्कवर ढमीच्या कानांच्या तपासणीचा रिपोर्ट होता. ढमी तिची मुलगी, दीड वर्षाची. अजून तोंडातून एक शब्द नाही. हाक मारली तर वळेलच असं नाही. आईनं तिच्या पाठीमागे टाळ्या वाजवून पाहिल्या. किल्ल्या खुळखुळवल्या, तर ढमी वळली. पण आवाजाला वळली की सहजच, कोण सांगणार? एकदा तर पातेलं आपटलं. खालच्या मजल्यावरची बाई धावत वर आली, ढमी हलली नाही. रोज पन्नासदा "आई म्हण, आ-ई" चालायचं. ढमी तिचे दात बघत बसायची. काही मुलं उशिरा बोलतात, असं सगळे म्हणायचे. त्या सगळ्यांची मुलं बोलत होती.

आत्ता ढमी टेबलाखाली पाठ करून चपलेचा पट्टा ओढत होती.

"भाऊजी, या कमांडमधलं माउंट म्हणजे नक्की काय हो?"

"पाहुण्याला आत घेणं, वहिनी. दार उघडायचं, खुर्ची द्यायची. मग तो बोलायला लागतो."

"खुर्ची कधीची दिलीय. मशीन म्हणतंय, दारात कुणी आलेलंच नाही."

"असं म्हणतंय? मग मघाशी का नाही सांगितलंत, वहिनी?"

"तुम्ही एंटर मारा म्हणालात. वाचा कुठे म्हणालात?"

तो खो खो हसला. तिलाही हसू आलं, पण अर्धंच.

"ट्रे बाहेर काढा, वहिनी. डिस्क नुसती ठेवलीत की दाबून बसवलीत?"

"नुसती ठेवली. ओरखडा पडला असता तर?" दीड वर्षात प्रत्येक वस्तू हलक्या हातानं ठेवायची तिला सवयच लागली होती.

"अहो वहिनी, मधल्या गोलाशी दोन्ही अंगठ्यांनी दाबा. टक असा आवाज आला पाहिजे. तो आल्याशिवाय सोडू नका."

तिनं श्वास रोखून दाबलं. काही नाही. आणखी जरा दाबलं. टक.

ट्रे आत. वरचा बाण. एंटर. या वेळी मशीननं कसलीच कुरकूर केली नाही. आत डिस्क गुळगुळीत फिरू लागली. तिनं फोल्डर उघडला. एकच फाइल होती, ढमीच्या पूर्ण नावाची. तिच्यावर बाण नेला आणि बोट तिथेच थांबलं. मेल करायची तर न उघडताही करता आली असती.

"वहिनी?" फोन म्हणाला. "वहिनी, आहात ना? अहो वहिनी!"

"वैनी," टेबलाखालून कुणीतरी म्हणालं.

ती वाकली. ढमी तशीच पाठ करून बसली होती. हातात चपलेचा पट्टा. तोंड भिंतीकडे.

"आली का डिस्क, वहिनी?"

"वैनी," भिंतीला सांगितलं गेलं.

ती धपकन जमिनीवर बसली. हसत होती की रडत होती, फोनला कळायला मार्ग नव्हता.

"डिस्क राहू द्या हो," ती म्हणाली. "भाऊजी, मला परत एकदा हाक मारा."