जसोदाचं लुगडं

"नोटा चालत नाहीत, काका. स्कॅन करा."

नंदुरबारच्या त्या नव्या साडीच्या दुकानात काउंटरवरची मोहिनी हे दिवसभर सगळ्यांनाच सांगायची. पण कळसाडीचे मगनभाई नोटांचा हात मागे घेईनात. फोन त्यांचा साधा, बटणांचा. पुढ्यात हिरवं लुगडं.

"मन्ही बहीन गई, जसोदा," ते म्हणाले. "तिना सासरले, कोरीटले, सर्वा वाट देखी ऱ्हायनात. माहेरनं लुगडं अंगवर पडाबिगर तिले उचलाव नहीत."

रांगेतला हेमकांत लगेच पुढे झाला. मास्तर माणूस, मनाचा भला. "नोटा माले द्या काका. मी भरी देस फोनवरथून."

"मंग ते तुम्हनं लुगडं व्हई, भाऊ." मगनभाईंनी हात जोडले. "मन्हाच पैसा लागाले जोयजे."

हेमकांतचा सगळा राग निघाला मॅनेजर ललितवर. "सरकारनी नोट शे! दुकानदार नही म्हनी सकस का? कायदाच कराले जोयजे तुम्हनावर!"

"मालकांचा हुकूम आहे, सर. गल्लाच ठेवलेला नाही. रोख घेतली, तर उद्या मी आणि ही मोहिनी, दोघंही घरी बसू."

मोहिनी उठली. काउंटरला वळसा घालून बाहेर आली. डोक्यावरून ओढणी घेतली आणि तिचं टोक दोन्ही हातांनी मगनभाईंपुढे पसरलं, ओटी घेतात तसं.

"मामा, आठे टाका."

"बाप रे, ही पोर!" मागची एक बाई एवढंच पुटपुटली. मगनभाईंनी नोटा ओढणीत ठेवल्या. मोहिनीनं त्या कपाळाला लावल्या.

"बिल करा, सर. रोख."

ललित तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं रोखीचं बिल केलं. लुगड्यासाठी पिशवी पुढे केली.

"नको. हातवरच लई जास."

माणसं आपोआप बाजूला सरली. दोन्ही तळव्यांवर लुगडं घेऊन मगनभाई निघाले. ललित धावत पुढे गेला आणि त्यानं काचेचं दार उघडलं. मगनभाई रस्ता ओलांडून कोरीटच्या गाडीत बसले, गाडी सुटली, तरी तो दार धरूनच उभा होता. आतली सगळी गार हवा बाहेर चालली होती. दार लाव, असं कोणी म्हटलं नाही.