विसरलेली बॅटरी

तंबू ठोकून झाल्यावर हे बॅग चाचपत म्हणाले, "मशीनची बॅटरी घरीच राहिली वाटतं."

झोपेत यांचा श्वास अडकतो, म्हणून रात्री मशीन लागतं. इथे रानात वीज कुठली?

"चष्म्याच्या दोन-दोन डब्या घेणारा माणूस बॅटरी विसरतो? कुठेतरी पाणी मुरतंय."

"अगं, पूर्वी कुठे होतं मशीन? श्वास अडकला की तू कोपर मारायचीस."

"तेव्हा मी शेजारी झोपायचे."

"तेच म्हणतोय. मशीन आलं आणि तू त्याच्या आवाजाला कंटाळून दुसऱ्या खोलीत गेलीस."

घराला कुलूप लावण्याआधी कपाटामागे सापडलेली बॅटरी मी पिशवीतून काढली, मशीनला जोडली आणि माझं अंथरूण यांच्या अंथरुणाला चिकटवलं.

"आता मशीनही लावा आणि कोपरही खा."