फेणीचं ऊन

“फेणे, या घरात तुझं सगळ्यात लाडकं कोण?”

‘फेणी तुझं नाव घेणारच नाही,’ अशी मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शाल्मलीने विचारलं. मांजराच्या मनातलं बोलून दाखवणारा तो पट्टा बाबांनी कधीचा बंद करून ठेवला होता. तिने आज तो गुपचूप फेणीच्या गळ्यात घातला होता.

फेणीच्या पांढऱ्याशुभ्र कानांवर उन्हाने गाठी आल्या होत्या. “कान काढले की बरी होईल,” डॉक्टर म्हणाल्या होत्या. पण आईचं एकच, “बिनकानांची कशी दिसेल गं! त्यापेक्षा उन्हातच सोडू नका.” तेव्हापासून घरभर पडदे ओढलेले, आणि फेणीच्या पडद्यांखाली नुसत्या येरझाऱ्या.

पट्टा बोलला, “ऊन.”

“हरलीस!” मैत्रिणी खिदळल्या.

“ऊन कुठे गेलं?”

पट्टा पुन्हा बोलला. दारात आईबरोबर उभे असलेले बाबा ओशाळले. “सारखी हेच म्हणायची. मला वाटलं, पट्टा बिघडलाय.”

शाल्मलीने फेणीला उचलून छातीशी धरलं.

“आई, बाबा, उद्याच ऑपरेशन करायचं. कान जाऊ देत, तिला कुठे आरशात बघायचंय? आणि मग रोज सकाळी कोवळ्या उन्हात मी तिला घेऊन बसणार. ठरलं माझं.”