फळीची खालची बाजू

लाकडी जमीन करकरते, म्हणून घरमालकीणबाईंनी सुताराला कोर्टात खेचलं होतं. तीस वर्षांत त्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्यामुळे भर दुपारी कोर्टाचे तपासनीस पाहणीला आले, तेव्हा तो तणतणतच आत शिरला.

"साहेब, फळ्यांखाली सिमेंटचा स्लॅब आहे. मध्ये बोट शिरायचं नाही. करकरेल कशी?"

"मी चालते तेव्हा नाही हो करकरत," बाई हळूच म्हणाल्या. "मी बसलेली असते, तेव्हा."

तपासनिसांनी एक फळी काढायला सांगितली. सुतारानं पटाशी घालून ती उचकटली. फळीच्या खालच्या अंगाला तो कधी रंधा मारत नसे, फक्त पेन्सिलीनं नंबर टाकायचा. त्यानं फळी उलटली. नंबर अर्धा पुसला होता. खरखरीत लाकूड जुन्या उंबऱ्यासारखं झिजून गुळगुळीत झालं होतं, आणि त्यावर अनवाणी टाचेचा ठसा होता.

"कुणी हलू नका," तपासनीस पुटपुटले.

तिघंही जागच्या जागी थिजले. दारापाशी करकर सुरू झाली, एकेक पाऊल टाकत जवळ आली आणि नेमकी सुताराच्या तळव्यांखाली थांबली.

त्यानं जीव मुठीत धरून उजवा पाय उचलला. फळीखाली पुन्हा करकर झाली; खालीही एक पाय उचलला गेला.

आता पाय टेकवायची त्याची हिंमत होईना.