दुखतंय का?

पावलाचं ऑपरेशन झाल्यापासून नलिनीबाई आज पहिल्यांदाच कठडा धरून दोन मजले उतरल्या. सुजलेलं पाऊल लेकाच्या जुन्या चपलेत कसंबसं मावलं होतं. इतके दिवस डबेवाली दाराबाहेर डबा ठेवून जायची. बोलणं असं कुणाशी झालंच नव्हतं.

फाटकाशी शेजारच्या गुर्जरबाई भेटल्या. "बऱ्याच दिवसांनी दिसलात. लेकाकडे गेला होतात ना?"

खरं सांगितलं तर त्या ओशाळतील, असं नलिनीबाईंना वाटलं. "हो," त्या म्हणाल्या, "कालच आले."

कोपऱ्यावरच्या भाजीवालीनं मात्र जुड्या बांधता बांधता त्यांच्या पायाकडे पाहिलं आणि स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं. "बसा. लई दुखतंय का?"

नलिनीबाई बसल्या.

"दुखतं," एवढंच त्या म्हणाल्या. आणि त्यांनी सुजलेलं पाऊल चपलेतून हळूच बाहेर काढलं.