वरची खोली

सुजयचे मोजे पांढरेशुभ्र होते, आणि डेल्फिन टीचरला तिथेच खटकलं.

बेघरांच्या फुटबॉल स्पर्धेची सेमीफायनल चार वाजता होती, माणिकपूरच्या मैदानावर. निवाऱ्यात झोपणाऱ्या माणसांचा संघ तिनेच उभा केला होता, फॉर्मवर सहीही तिचीच होती. नियम एकच: ज्याला राहायला घर नाही त्यानेच खेळायचं. एक जरी खोटा निघाला, तर अख्खा संघ बाद. आणि सकाळी तिला फोन आला होता. पुरुषाचा आवाज. नाव सांगितलं नाही. "तुमचा तो सुजय काही बेघर नाही. कळंबला बंगला आहे त्याचा. जाऊन बघा."

एकतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवताना तिने मुलींचे खोटे ताप कपाळाला हात न लावता ओळखले होते. तिने सुजयला बाजूला घेतलं.

"कळंबला तुझं घर आहे?"

"आहे की."

इतकं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. "मग फॉर्मवर 'घर नाही' असं कुणी लिहिलं?"

"मीच, टीचर."

"चल. दाखव मला."

रिक्षात ती डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला न्याहाळत राहिली. पस्तिशीचा माणूस, गुळगुळीत दाढी, शर्टाला इस्त्री. निवाऱ्यात इस्त्री कुठली? रात्री गादीखाली घडी घालून ठेवत असेल, असं तिच्या मनात आलं, आणि ते तिने लगेच झटकून टाकलं. दया आली की नजर चुकते, हे ती अनुभवाने शिकली होती.

बंगला खोटा नव्हता. केळीची वाडी, विहीर, दारात गाडी, दुमजली घराला नवा पिस्ता रंग. व्हरांड्यात सुजयचा थोरला भाऊ, एकनाथ, जणू वाटच बघत बसला होता.

"या, टीचर. फोन मीच केला होता."

सुजयने बूट काढले आणि तो पायरीवरच उभा राहिला.

"पेपरात याचा फोटो आला," एकनाथ म्हणाला. "खाली छापलंय, बेघर. गावात मी काय तोंड दाखवू? सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत. मी याला कधी जा म्हटलं नाही. दारू प्यायचा. आपल्या पायाने निघून गेला. विचारा त्याला."

डेल्फिनने सुजयकडे पाहिलं.

"प्यायचो," तो म्हणाला. "सोडून चौदा महिने झाले."

"दादा तुला जा म्हणाले होते?"

"नाही."

तिने खुर्चीत बसून फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं. एकनाथची बायको लीला कोकम सरबताचे दोन ग्लास घेऊन बाहेर आली. पायरीवर दीर दिसला तशी थबकली, ग्लास ठेवून घाईने आत गेली आणि तिसरा घेऊन आली.

"म्हणजे इथे याला झोपायला जागा आहे," डेल्फिन म्हणाली.

"आहे म्हणजे? वरची खोली याचीच. आईने याच्यासाठीच बांधून घेतली होती."

"बघू?"

एकनाथ जागचा हलला नाही. "आत्ता जरा पसारा आहे वर."

थर्मामीटर आणते म्हटल्यावर मुलींचा आवाज व्हायचा, तसाच हा आवाज होता. डेल्फिनने फाईल मांडीवर उलटी ठेवली.

"सुजय, तूच दाखव."

तो क्षणभर घुटमळला. मग आत शिरला. हॉल ओलांडून, डावीकडे वळून, स्वयंपाकघराच्या बाजूच्या काळोख्या बोळातून तो न बघता भराभर चालत गेला. डेल्फिन मागोमाग होती. आणि तो एकदम थांबला. समोर भिंत होती. भिंतीला टेकून फ्रिज उभा होता.

त्याने भिंतीवर तळवा ठेवला. "इथून जिना होता."

स्वयंपाकघरात एक नऊ-दहा वर्षांची मुलगी फरशीवर बसून चित्र रंगवत होती. ती एकनाथची मुलगी, नाव पूर्वी. तिने मान वर केली.

"अंकल, जिना आता बाहेरून आहे. रूमवाल्यांसाठी. मागून जा. चावी पप्पांकडे मिळेल."

मागचं दार उघडंच होतं. डेल्फिनला लोखंडी जिना दिसला, कठड्यावर वाळत घातलेले परक्यांचे टॉवेल दिसले, आणि पाटी: समुद्राजवळ खोल्या मिळतील.

"अगं, अंकल काय?" लीला दारातून म्हणाली. "काका आहेत ते तुझे."

एकनाथ मागे येऊन उभा होता. "सीझनपुरत्याच देतो, टीचर. त्याने नुसतं सांगावं, लगेच रिकामी करून देतो."

"आज रात्री झोपेल तो तिथे?"

एकनाथने घसा खाकरला. "आज... आज बुकिंग आहे."

"मग आज तो माझ्या संघातून खेळेल," डेल्फिन म्हणाली, आणि तिने पेनाला टोपण लावलं.

"पण टीचर, पेपरातला तो शब्द तेवढा..."

ती व्हरांडा उतरून रिक्षाकडे निघालीही होती.

सुजय पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. पूर्वी त्याच्या मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ तिने त्याला नीट बघून घेतलं.

"काका, तुम्ही कुठे राहता?"

त्याचे हात थांबले.

"आज चार वाजता गोलमध्ये उभा राहणार आहे," तो म्हणाला. "येतेस बघायला?"

पूर्वीने मागे वळून वडिलांकडे पाहिलं.

"चप्पल घाल," लीला म्हणाली.